थंडीआधी घराची तयारी : ऑक्टोबरच्या उन्हापासून शिवरात्रीपर्यंत

डिसेंबर २०१८ मध्ये निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात १.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. असा पारा घसरला की आमच्या भागातले द्राक्षबागाईतदार पहाटे बांधाबांधावर शेकोट्या पेटवतात आणि बागेला पाणी सोडतात. बोअरचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, त्यामुळे मुळांशी थोडी ऊब राहते. बागेसाठी एवढं जागणारे आम्ही लोक घरी येऊन मात्र थंडगार फरशीवर चादर पांघरून काकडत झोपतो.

आपली घरं बांधली जातात ती ऊन आणि पाऊस डोळ्यांसमोर ठेवून. उंच झरोके, काचपट्ट्यांच्या खिडक्या, दाराखाली बोटभर फट, वर सिमेंटचा उघडा स्लॅब. मेमध्ये हे सगळं ठीक असतं, डिसेंबरात तेच अंगावर येतं. पण नाशिक, नगर, धुळे, जळगावकडची थंडी रात्रीची. पहाटे आठ-दहा अंश असले तरी दुपारी अठ्ठावीसपर्यंत चढतं. म्हणून इथे घर तापवायच्या भानगडीत पडू नये. दुपारचं फुकटचं ऊन आत घ्यायचं आणि ते पहाटेपर्यंत जाऊ द्यायचं नाही, एवढंच करायचं. खाली सांगितलेली बहुतेक कामं दोन-तीनशे रुपयांत होतात, मात्र ती वेळेवर करावी लागतात. पहिली हुडहुडी भरल्यावर धावपळ करून हाती फार काही लागत नाही.

ऑक्टोबर : आधी भिंती वाळवा

ऑक्टोबर हीटला आपण नावं ठेवतो, पण घरासाठी वर्षातलं सगळ्यात कामाचं ऊन तेच. पावसाळ्यात भिंतींनी पाणी पिऊन ठेवलेलं असतं आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त ऊब खेचते. ज्या खोलीत ओल आहे, त्या खोलीत तुम्ही तीन रजया घेतल्या तरी गारठा हाडात शिरतो.

पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची भिंत आधी पाहा, पावसाचा मारा तिकडूनच असतो. कपाटं आणि पलंग चार बोटं पुढे ओढा आणि मागे बुरशीचे काळे ठिपके दिसतात का बघा. असतील तर तोंडाला फडकं बांधून, खिडक्या उघड्या ठेवून, ब्लीचिंग पावडरच्या पातळ पाण्याने पुसून काढा आणि आठवडाभर भिंतीला वारा लागू द्या. ओल बाहेरून झिरपतेय की खोलीतल्या दमट हवेची आहे, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे जमले, तर पाणी भिंतीतून येतंय. मग गच्चीवरची चीर, नळाचा पाइप, बाहेरचा गिलावा यांपैकी कुठेतरी दुखणं आहे. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर खोलीला हवा कमी पडतेय.

भिंत पुरती वाळल्याशिवाय रंग देऊ नका. दिवाळीच्या घाईत ओलीवरच पुट्टी-रंग मारले जातात आणि संक्रांतीपर्यंत पापुद्रे सुटतात. रंगारी नको म्हणत नाही, त्याला दिवाळीआधी हातातली कामं उरकायची असतात. नको म्हणायचं काम आपलं.

याच दिवसांत गच्चीवर एक चक्कर मारा. उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीवर किंवा गच्चीवर बांधलेली हिरवी शेडनेट बऱ्याच घरांत वर्षभर तशीच लोंबत असते, ती काढा. डिसेंबरात दुपारी बाराचा सूर्य आपल्याकडे दक्षिणेला साधारण ४६-४७ अंशांवर असतो, म्हणजे डोक्यावर न येता तिरपा राहतो. ते तिरपं ऊन छज्जाखालून थेट खोलीत, अगदी पलंगापर्यंत येतं. तुमची शेडनेट त्याला आडवी येते.

आणि कूलर. खिडकीत बसवलेला कूलर तसाच राहिला तर तो थंडीचा राजमार्ग होतो, कारण तीन बाजूंच्या जाळ्यांतून वारा सरळ पलंगावर. शक्य असेल तर काढून आत ठेवा. नसेल तर टाकीतलं पाणी पूर्ण उपसा, गवताच्या जाळ्या उन्हात वाळवा आणि आतल्या बाजूने प्लायचा तुकडा किंवा जाड रेक्झीन घट्ट बसवा. पाणी उपसायचा कंटाळा करू नका, तळाशी उरलेल्या दोन तांब्यांत डास खुशाल पोसले जातात.

दिवाळीआधी : गरम पाण्याची सोय

गिझर बंद पडायचा असला की तो नरकचतुर्दशीला पहाटेच बंद पडतो. अंगाला उटणं लावून बसलेला माणूस इलेक्ट्रिशियनला फोन करतोय, हे चित्र मी तीनदा पाहिलंय, दोनदा आरशात. म्हणून वसुबारसेच्या आठवडाभर आधी हे काम हातावेगळं करा.

बोअरचं पाणी जड असेल तर गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. पाणी तापायला वेळ लागतो, आतून कटकट आवाज येतो, बिल वाढतं. कॉइल दोन वर्षांतून एकदा तरी मेकॅनिककडून उघडून साफ करून घ्या. टाकीत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो. तो स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो, तोही तेव्हाच बघायला सांगा. थर्मोस्टॅट ५५-६० अंशांच्या पुढे नेऊ नका, त्यापुढे थर जास्त झपाट्याने बसतो आणि लहान मुलाचा हात भाजतो तो वेगळाच. तापताना झडपेतून दोन-चार थेंब गळत असतील तर घाबरू नका, फुगलेल्या पाण्याला ती वाट असते. बूच मारून ती कधीही बंद करू नका.

एक हिशेब डोक्यात असू द्या. १५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर असेल आणि टाकीतलं पाणी १५ अंशांचं असेल, तर ६० अंशांपर्यंत तापायला पंचवीसेक मिनिटं लागतात. मेमध्ये हेच काम सतरा-अठरा मिनिटांत व्हायचं. म्हणजे डिसेंबरात 'गिझर बिघडला' असं वाटलं तर आधी घड्याळ बघा.

वायरिंगकडे मात्र नीट बघा. गिझरला स्वतंत्र लाइन हवी, मोठ्या पिनांचा १६ अँपिअरचा सॉकेट हवा, दोन हजार वॅटला निदान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी आणि अर्थिंग हवंच हवं. प्लग काळा पडलाय किंवा हाताला गरम लागतोय, तर तो आजच बदला. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. ओल्या अंगाने बटणाला हात लागतो, तेव्हा जीव वाचवणारी वस्तू ती.

सोलर असेल त्यांनी नळ्यांवरची पावसाळ्यातली धूळ आणि चिकटा पुसून घ्यावा. पुसायचं, आणि नळ्या रिकाम्या असतील तर पाणी भरायचं, ते सकाळी ऊन चढायच्या आधी. तापलेल्या कोरड्या काचेच्या नळीत थंड पाणी शिरलं की ती तडकते. गच्चीवरून खाली येणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपवरचं काळं फोमचं आवरण उन्हाने भुगा झालेलं असतं. ते बदलायला फार खर्च नाही, फरक मात्र पहिल्याच आठवड्यात कळतो. तरीही नळ सोडल्यावर पहिल्या एक-दोन बादल्या थंडच येतात. त्या ओतून देऊ नका, विसण घालायला नाहीतर धुण्याला लागतात.

आता एक देशी युक्ती, बोअर किंवा विहीर असणाऱ्यांसाठी. जमिनीतलं पाणी वर्षभर जवळपास सारख्याच तापमानाचं असतं, त्यामुळे पहाटे ते कोमट लागतं. गच्चीवरच्या टाकीत रात्रभर राहिलेलं पाणी मात्र बर्फासारखं. म्हणून रात्री टाकी भरून ठेवू नका, सकाळी मोटर लावा. तेच पाणी गिझरला दिलं की वीजही कमी लागते.

बंब असेल तर त्याच्याइतकं सुख नाही. तांब्याचा जुना बंब आमच्या मागच्या अंगणात आहे. चिंच-मिठाने घासला की लाल चमकतो. मधल्या नळीतून काटक्या, गोवरीचे तुकडे आणि द्राक्षाच्या छाटणीच्या वाळल्या काड्या टाकायच्या, खालच्या जाळीतली राख रोज काढायची. राख तुंबली की धूर उलटा तोंडावर येतो. थंडीत बंबाभोवती कोणी ना कोणी पाटावर बसलेलं असतंच. पण बंबाची जागा अंगणातच, न्हाणीघरात कधीच नाही. का, ते पुढे सांगतो.

नोव्हेंबर : उदबत्ती घेऊन घरभर

फटी शोधायला यंत्र लागत नाही. वारा असलेल्या दिवशी पहाटे पाच-साडेपाचला उठा, पंखे बंद, दारं-खिडक्या बंद आणि हातात पेटती उदबत्ती घेऊन प्रत्येक चौकटीजवळून हळूहळू फिरा. धूर सरळ वर जातोय तिथे ठीक. धूर आडवा झाला, लटपटला, की तिथे खडूने खूण करा.

आमच्या घरी मला वाटलं होतं की उत्तरेची मोठी खिडकी गुन्हेगार असेल. तिथे धूर थोडासाच हलला. खरा झोत निघाला टीव्हीमागून. डिशच्या वायरीसाठी कुणीतरी अंगठ्याएवढं भोक पाडलं होतं, वायर गेली बोरूच्या जाडीची, उरलेल्या जागेतून सहा वर्षं वारा येत होता. पांढऱ्या सिमेंटचा गोळा, दहा मिनिटं, काम झालं. एसीच्या पाइपाचं भोक, जुन्या एक्झॉस्टची जागा, तुटलेली काचपट्टी ही ठिकाणंही विसरू नका.

सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांत दोन पल्ल्यांमध्ये केसाळ पट्टी असते. चार-पाच वर्षांत ती झिजून टक्कल पडतं. काचवाल्याकडे ती मीटरवर मिळते, जुनी ओढून काढायची आणि नवी खाचेत सरकवायची. खालच्या रुळाला बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात, ती मात्र बुजवू नका. पावसाचं पाणी निघून जायला ती ठेवलेली असतात. हौसेने सगळं सील करणाऱ्यांच्या घरात जुलैमध्ये पाणी आत येतं.

लाकडी दारांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिथे मी स्वतः माती खाल्ली आहे. एका जुलैत आमचं मागचं दार फुगलं, लागेना. सुतारमामांना बोलावलं. ते म्हणाले, "लाकूड पाणी प्यायलंय, साहेब. घासतंय तेवढंच काढतो, बाकी दिवाळीनंतर बोलवा." मला दार लोण्यासारखं लागायला हवं होतं. "मामा, होऊन जाऊ द्या एकदाच," म्हणत मी त्यांच्याकडून दोन बाजूंनी रंधा मारून घेतला. डिसेंबरात लाकूड आकसलं आणि बिजागरीच्या विरुद्ध बाजूला करंगळी जाईल एवढी फट पडली. मामा परत आले, फटीकडे पाहिलं, काही बोलले नाहीत, सागाची पट्टी ठोकून दिली. त्या पट्टीचे पैसे रंध्याच्या मजुरीपेक्षा जास्त झाले. तेव्हा पावसाळ्यात अडलेल्या दाराला वरवर मेण किंवा साबण घासा, अगदीच अडलं तर थोडंसं तासा, आणि खरं माप कोरड्या हवेत घ्या.

दाराखालच्या फटीला स्क्रूने बसणारी ब्रशची किंवा रबराची पट्टी मिळते. तेवढाही खर्च नको असेल तर जुन्या सुती साडीची दाराच्या रुंदीएवढी नळी शिवा, आत कोरडी वाळू भरा, तोंडं शिवून टाका आणि रात्री दाराला लावून ठेवा. आमच्याकडे तिला 'अजगर' म्हणतात. उंदरांनाही तो आवडत नाही.

कौलारू घरात वळचणीची फट पूर्ण बुजवू नका, चुलीचा धूर तिथूनच जातो. झोपायच्या खोलीपुरती जाड कापडाची छत बांधली तरी पुष्कळ.

अंथरूण आधी, पांघरूण नंतर

पेटीतल्या गोधड्या, रजया, घोंगड्या दिवाळीनंतरच्या कडक उन्हात दोन दिवस घाला. पहिल्या दिवशी एक बाजू, दुसऱ्या दिवशी दुसरी, चार वाजायच्या आत उचला, नाहीतर दव बसायच्या आधीच गारवा धरतात. काठीने झोडपून धूळ काढा. डांबराच्या गोळ्यांचा वास पूर्ण जाऊ द्या. तान्ह्या बाळाच्या दुपट्यांत तर त्या गोळ्या ठेवूच नका, कडुनिंबाचा वाळलेला पाला बरा. गाद्यांतला कापूस दगडासारखा झाला असेल तर पिंजून घ्या. ऊब कापसात नसते, कापसात अडकलेल्या हवेत असते, आणि दबलेल्या गादीत हवाच उरत नाही. गोधडी एवढी उबदार का, तेही त्यातच आहे. जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर, मध्ये धावदोरा, प्रत्येक दोन थरांत थोडी थोडी हवा.

माझी आई थंडीची तक्रार केली की एकच विचारते, "अंगावर किती घेतलंस ते सांगू नको. खाली काय घातलंस?" तिचं बरोबर आहे. शहाबादी फरशी किंवा टाइल्स रात्रभर अंगातली ऊब ओढत राहतात. जमिनीवर झोपत असाल तर आधी चटई, तिच्यावर सतरंजी, मग गादी, गादीवर जुनी घोंगडी आणि तिच्यावर सोलापुरी चादर. एवढं खाली असलं की वर एक गोधडी पुरते. पलंगाची उशी बाहेरच्या भिंतीला टेकलेली नको, वीतभर पुढे घ्या.

रोजचा क्रम साधा आहे. सकाळी दहाला दक्षिणेचे आणि पूर्वेचे पडदे पूर्ण उघडा, तासभर खिडक्याही उघडा म्हणजे रात्रीची दमट हवा निघून जाईल. दुपारी ऊन थेट फरशीवर पडू द्या, सतरंजी गुंडाळून बाजूला ठेवा, फरशी तापू द्या. साडेपाचच्या सुमारास, सूर्य मावळायच्या आत, खिडक्या बंद आणि पडदे ओढलेले. दिवेलागणीनंतर बंद केल्या तर दिवसभराची कमाई अर्ध्या तासात गेली. पडद्यामागे जुन्या चादरीचं अस्तर शिवलं तर आणखी चांगलं. खोल्या जास्त असतील तर थंडीचे दोन महिने सगळ्यांनी खालच्या मजल्यावर झोपावं. वरची खोली स्लॅबखाली असते आणि स्वच्छ आकाशाखाली स्लॅब रात्रभर ऊब सोडत राहतो.

रूम हीटर आमच्या हवेत गरज म्हणून लागतो तो फार थोड्या घरांत : बाळंतीण, तान्हं मूल, आजारी म्हातारं माणूस. घ्यायचाच तर तेलाचा घ्या, अंथरुणापासून निदान तीन फूट लांब ठेवा, त्याच्यावर कपडे वाळत घालू नका आणि एक्स्टेन्शन बोर्डवर तर लावूच नका. २००० वॅटचा हीटर चार तास सलग चालला की आठ युनिट झाले. वयस्कर माणसांचा रक्तदाब थंडीत वाढतो. त्यांच्या रात्रीच्या उठण्याच्या वाटेवर दिवा, पायमोजे, कोपऱ्यात थर्मासमध्ये कोमट पाणी असू द्या आणि आंघोळ दुपारी बाराला.

स्वयंपाकघराचं दोन ओळींत : खोबरेल गोठतं, ते बाटलीसकट कोमट पाण्यात धरा. दह्याचं भांडं पिठाच्या डब्यात खुपसून ठेवा. सिलिंडर मात्र कशानेही तापवू नका.

जे अजिबात करायचं नाही

एवढा वेळ फटी बुजवायला सांगितल्या. आता उलट सांगतो, आणि हा भाग वाचल्याशिवाय वरचं काही करू नका. बंद जागेत काहीही जळत असेल तर हवेची वाट बुजवायची नाही.

शेगडीतले निखारे, घमेल्यातला विस्तव, गॅस गिझर, बंब, रॉकेलचा स्टोव्ह, जळणाऱ्या कुठल्याही गोष्टीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही, डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, हातपाय लुळे पडतात आणि कडीपर्यंत हात जात नाही. 'गॅसचा वास तर येत नाही' हे लोकांचं समाधान फसवं आहे. वास असतो तो न जळलेल्या गॅसला.

निखारे कितीही लाल आणि बिनधुराचे दिसोत, शेगडी झोपायच्या खोलीत नेऊन दार लावायचं नाही. अंगणात शेका, पाय गरम करा, विस्तवावर पाणी मारा आणि मग आत या.

गॅस गिझर न्हाणीघरात असेल तर तो बाहेरच्या भिंतीवर किंवा मोकळ्या गॅलरीत हलवा. हे काम या यादीत सगळ्यात महाग आणि सगळ्यात आधी करायचं. हलवेपर्यंत काचपट्ट्यांची खिडकी उघडी, दाराला खालून हवा यायला जागा, आणि नियम एकच : दार उघडं ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा, मग आत जाऊन कडी लावायची. ज्योत निळीच हवी, पिवळी दिसली तर त्याच दिवशी मेकॅनिक. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म आता ऑनलाइन मिळतो, गॅस गिझर असणाऱ्या घरात तो असावा. कुणी आत बराच वेळ असेल आणि हाकेला ओ देत नसेल तर वाट न बघता दार तोडा, मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

थंडी जाताना

संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो आणि महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, असं म्हणतात. यंदा जाते की आणखी आठ दिवस रेंगाळते ते बघा आणि मग आवराआवर करा. गोधड्या धुवायच्या त्या होळीआधी, जाड गोधडी वाळायला दोन पूर्ण दिवस ऊन लागतं. खिडकीचा प्लाय काढा, त्याच्या पाठीवर खोलीचं नाव आणि वर कुठली बाजू ते खडूने लिहून माळ्यावर ठेवा. अजगरातली वाळू उन्हात पसरा, नाहीतर पावसाळ्यात तिला ओल धरते. आणि सुतारमामांना फेब्रुवारी संपायच्या आत बोलवा, लाकूड तेव्हा पुरतं आकसलेलं असतं. आमच्या मागच्या दाराची पट्टी ते दर वर्षी एकदा बघून जातात. चहा घेतात, दार दोनदा उघडून लावून बघतात आणि विचारतात, "मग, जुलैत बोलावणार का?"